ज्यांच्याकडे म्हैस नव्हती

वडोदऱ्याहून मेमूत बसलं की पाऊण तासाच्या आसपास आणंद येतं. शाळेच्या सहलीला आम्ही तिथं जायचो, डेअरीत थंडगार दूध प्यायचो आणि दंगा करत परत यायचो. तिथं १९५५ साली नेमकं काय घडलं ते मला पुष्कळ उशिरा कळलं, नोकरीला लागून यंत्रांशी संबंध आल्यावर. तेव्हापासून ती गोष्ट डोक्यातून गेलेली नाही.

खेडा जिल्ह्यातल्या म्हशी हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा खूप जास्त दूध देतात. मुंबईला जाणारं दूध मात्र ठरावीक. उरलेल्या दुधाचं करायचं काय, हा शेतकऱ्यांच्या सहकारी संघापुढचा प्रश्न होता. भुकटी करून ठेवावी, तर परदेशातले डेअरीतज्ज्ञ सांगत होते की म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही. हे तज्ज्ञ कुणी ऐरेगैरे नव्हते. त्यांच्या देशांत वर्षानुवर्षं भुकटी बनत होती, आणि म्हशीच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट स्निग्धांश असतो हेही खरंच होतं. संघाचं काम पाहणाऱ्या वर्गीस कुरियन यांचे सहकारी हरिचंद मेघा दलाया यांनी ती भुकटी करून दाखवली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंनी आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन केलं, आणि म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा जगातला पहिला कारखाना आमच्या गावापासून पस्तीसेक किलोमीटरवर सुरू झाला.

ही गोष्ट सांगताना ‘दलायांनी तज्ज्ञांना खोटं पाडलं’ असं म्हणायची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. तज्ज्ञांचं ज्ञान खरं होतं, फक्त ते गाईच्या दुधाचं होतं. ज्या देशांत हे तंत्र वाढलं तिथल्या डेअऱ्यांच्या दारात म्हशीचं दूध येतच नव्हतं. त्यामुळे ते वाळवून बघायची गरज त्यांना कधी पडली नव्हती. ‘आम्ही करून पाहिलं नाही’ या वाक्याचं हळूहळू ‘होत नाही’ असं वाक्य झालं होतं. दलायांना ही फट दिसली, कारण त्यांच्या दारात रोज सकाळ-संध्याकाळ तेच दूध येऊन पडत होतं.

प्रवाहाविरुद्ध विचार करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे एक भाबडं कौतुक असतं आणि तितकाच भाबडा रागही असतो. दोन्हींचं लक्ष त्याच्या स्वभावावर असतं: तो धाडसी आहे, किंवा तो हेकट आहे. माझं म्हणणं असं की स्वभाव बाजूला ठेवावा आणि त्याला विचारावं, बाबा रे, तुझ्या दारात असं काय येऊन पडतं जे बाकीच्यांच्या दारात येत नाही? याचं उत्तर असेल तर त्याला पैसा, जागा, वेळ द्यावा. नसेल तर त्याचं मत कितीही वेगळं असो, ते नुसतं मत आहे. चित्र, नाटक, सॉफ्टवेअर, यंत्र, सगळ्याच कामांना हा प्रश्न लावता येतो असं मला वाटतं. तो मी शिकलो मात्र शेअरबाजाराकडून.

माझे मामा दांडिया बाजारात राहायचे. बँकेत कारकून होते आणि पगारातून थोडे थोडे शेअर घ्यायचे. त्यांच्याकडे लाल कापडाची एक लांबट चोपडी होती. प्रत्येक खरेदीपुढे ते दोन नोंदी करायचे. पहिली, ‘लोकांना हा का नकोय’. दुसरी, ‘माझं चुकलं हे कशावरून कळेल’. भाव, तारीख, संख्या हे सगळं त्यानंतर. १९९२ च्या सुरुवातीला एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव हजारांच्या घरात पळत होता आणि रावपुऱ्यातला पानवालासुद्धा कुठला शेअर घ्या ते सांगत होता. शेजारी घरी येऊन म्हणायचे, “बधा ले छे, एटले आपणे पण लेवानुं.” सगळे घेतायत, म्हणून आपणही घ्यायचं. त्या महिन्यांत मामांच्या चोपडीत एकच ओळ आहे: ‘लोक का घेतायत ते कुणाला सांगता येत नाही. मलाही येत नाही. थांबलो.’ एप्रिलमध्ये हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आला आणि बाजार कोसळला. मामांनी त्याबद्दल कधी बढाई मारली नाही. मी फारच कौतुक करायला लागलो की म्हणायचे, “माझी अक्कल नव्हती रे. चोपडी होती.”

पुढे जॉन टेंपलटन या अमेरिकी गुंतवणूकदाराबद्दल वाचलं तेव्हा मामांची चोपडीच आठवली. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं. टेंपलटन तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांनी आपल्या जुन्या साहेबांकडून १०,००० डॉलर उसने घेतले आणि अमेरिकेच्या बाजारात ज्या ज्या कंपनीच्या शेअरचा भाव एका डॉलरच्या आत होता, तिचे साधारण शंभर-शंभर डॉलरचे शेअर घेतले. अशा १०४ कंपन्या होत्या आणि त्यातल्या ३४ दिवाळखोरीत निघालेल्या. चारेक वर्षांनी त्यांनी ते विकले तेव्हा पैसे चौपट झाले होते. चार कंपन्यांचे शेअर मातीमोल ठरले.

या गोष्टीतून लोक एवढंच उचलतात की सगळे घाबरले तेव्हा हा घाबरला नाही. पण न घाबरणारे त्या काळीही पुष्कळ असतील आणि त्यांतले कित्येक बुडाले असतील. टेंपलटन यांच्यापाशी एक सरळ कारण होतं. युद्ध म्हटलं की प्रत्येक वस्तूची मागणी वाढणार, आणि अशा काळात ढिसाळ, कर्जबाजारी कारखान्यालाही काम मिळणार. चांगल्या चाललेल्या कंपनीचा नफा वाढेल, पण मेलेली कंपनी उठून बसेल. म्हणून त्यांनी मुद्दाम मोडकळीला आलेल्या कंपन्या घेतल्या. आणि उसने पैसे शंभरावर ठिकाणी वाटले, कारण आपण काही ठिकाणी चुकणार हे त्यांना माहीत होतं, नेमके कुठं ते माहीत नव्हतं. मला या गोष्टीत चौपट झालेल्या पैशांपेक्षा त्या चार मातीमोल कंपन्या महत्त्वाच्या वाटतात. त्या हिशेबात आधीपासून धरलेल्या होत्या.

आता माझ्या चुकीबद्दल लिहायला हवं, नाहीतर हा सगळा दुसऱ्यांच्या शहाणपणाचा पाढा होईल. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, मी पंपांच्या चाचणीची यंत्रं बनवतो. २००९ च्या सुमारास या यंत्रांना सगळेजण बाजारात मिळणारे तयार पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारे छोटे संगणक, लावायचे. एक छोटी चिप, चार रिले आणि माझा स्वतःचा प्रोग्रॅम यांत ते सगळं काम होत होतं, तेही कितीतरी स्वस्तात. मी स्वतःचा बोर्ड तयार केला. सगळे मूर्खासारखे जास्त पैसे मोजतायत याची मला खात्री होती आणि तसं मी बोलूनही दाखवायचो. सात गिऱ्हाइकांना ती यंत्रं दिली. बोर्ड उत्तम चालले. मग एका रात्रपाळीत एका कारखान्यातला बोर्ड जळला. तिथल्या इलेक्ट्रिशियननं पॅनेल उघडलं आणि त्याला आत काहीच ओळखीचं दिसलं नाही. पीएलसी असता तर त्यानं दुसऱ्या यंत्राचा काढून लावला असता, किंवा सकाळी बाजारातून आणला असता. माझ्या बोर्डासाठी तो कारखाना चार दिवस माझी वाट बघत बसला.

लोक जास्तीचे पैसे कशाचे मोजत होते ते मी विचारलंच नव्हतं. ते पैसे यंत्रासाठी नव्हते, त्या रात्रपाळीतल्या इलेक्ट्रिशियनसाठी होते. मामांच्या चोपडीतली पहिलीच नोंद मी रिकामी सोडली होती. ‘लोकांना हा का नकोय’ याचं उत्तर मी ‘ते मूर्ख आहेत म्हणून’ असं मनातल्या मनात लिहून टाकलं होतं. सातही बोर्ड मी पदरमोड करून बदलून दिले. तेव्हापासून कुठल्याही प्रचलित पद्धतीच्या विरुद्ध बोलण्याआधी मी तिची बाजू मांडायचा सराव करतो, तीही अशी की ती पद्धत वापरणारा माणूस ऐकून म्हणेल, हो, असंच आहे. हे जमत नसेल तर मला त्या गोष्टीतलं अजून कळलेलं नाही.

गुंतवणूकदाराला एक सोय असते जी आपल्याला नाही. त्याच्यासमोर रोज भाव असतो. लोकांचं मत तिथं आकड्यात लिहिलेलं दिसतं आणि स्वतःचं मत त्यापासून किती लांब आहे हे मोजता येतं. चित्र काढणाऱ्याला किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला लोकांचं मत असं बाहेर दिसत नाही. ते आत शिरतं आणि स्वतःची आवड होऊन बसतं. मिटिंगमध्ये सगळ्यांनी मान डोलावलेल्या आराखड्यावर मीही मान डोलावली, तर त्याचं बिल माझ्या नावानं कधीच येत नाही. एकांकिका स्पर्धेत गेल्या वर्षी ज्या धाटणीची एकांकिका पहिली आली, त्या धाटणीच्या पाच एकांकिका यंदा येतात, आणि त्या लिहिणाऱ्या मुलांना मनापासून वाटत असतं की आपल्याला हेच सांगायचं होतं. ती मुलं खोटं बोलत नाहीत. आता तर हाताशी असलेल्या संगणकाला विचारलं की बहुतेक वेळा सगळ्यांना चालेल असं उत्तर क्षणात समोर येतं आणि ते इतकं नेटकं असतं की आपला वेडावाकडा विचार मांडायची लाज वाटावी. म्हणून आपल्या कामात चोपडीची गरज बाजारापेक्षा जास्त आहे. भाव नाही, तर निदान नोंद तरी हवी: सगळे काय म्हणतायत, मला काय दिसतंय, आणि माझं चुकलंय हे मला कधी कळेल.

नोंदीच्याही पुढची पायरी म्हणजे दाखवणं. दादासाहेब फाळके आमच्या इथल्या कलाभवनात शिकले. पुढे चित्रपट काढायचं त्यांच्या डोक्यानं घेतलं तेव्हा घरच्यांना, मित्रांना ते वेड वाटलं. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. भांडवल द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज त्याचं थोडं थोडं चित्रण केलं आणि रोप उगवून वर येताना पडद्यावर दाखवलं. भाषणांनी न हललेले लोक तेवढ्या चिमुकल्या फितीनं हलले. वाद घालण्यात आपण मराठी माणसं फार शक्ती घालवतो असं मला नेहमी वाटतं. वाटाणा पेरायला त्याहून कमी लागते.

टिकून राहण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण वेगळा विचार बरोबर असला तरी तो बरोबर ठरायला वेळ लागतो आणि तोवर घर चालावं लागतं. उसन्या पैशावर शेअर घेतलेला माणूस अनेकदा बरोबर असूनही बुडतो, तो भाव वर येण्याआधीच त्याला विकावं लागतं म्हणून. या बाबतीत मला चित्रकार भूपेन खख्खर यांचं उदाहरण मोलाचं वाटतं. ते मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ साली वडोदऱ्याला आले, इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकले आणि त्यानंतर कित्येक वर्षं अर्धवेळ हिशेबनीस म्हणून नोकरी करत चित्रं काढत राहिले. अमूर्त चित्रांचा दबदबा असण्याच्या त्या दिवसांत त्यांनी न्हावी काढला, शिंपी काढला, घड्याळं दुरुस्त करणारा काढला, तेही बाजारातल्या छापील चित्रांच्या रंगांत. हे लोक प्रत्येक चित्रकाराच्या गल्लीत होते. खख्खर यांनी त्यांच्याकडे चित्राचा विषय म्हणून पाहिलं. आणि ती चित्रं लगेच विकली जावीत अशी गरज त्यांच्यावर नव्हती, कारण महिन्याचा पगार हिशेबाच्या वह्या देत होत्या. १९८१ सालचं त्यांचं एक चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. बाप, मुलगा आणि गाढव ही आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट त्यात मागे घडताना दिसते आणि चित्राच्या नावाचा अर्थच आहे, सगळ्यांना खूश करता येत नाही. नोकरी सोडून कलेत उडी घेणाऱ्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. नोकरी धरून ठेवल्यामुळे ज्याची कला कुणापुढे वाकली नाही, त्याची गोष्टही सांगायला हवी.

हे सगळं एकेकट्या माणसांचं झालं. माझा खरा आग्रह संस्थांकडे आहे, आणि वडोदऱ्यात बसून तो धरणं मला सोपं जातं, कारण इथल्या राजानं तो आधीच करून दाखवलाय. सक्तीचं प्राथमिक शिक्षण ही कल्पना त्या काळी हिंदुस्थानात अशक्य मानली जात होती. शेतकरी पोरांना शेतातून सोडणार नाहीत, मुलींना तर नाहीच, पैसा पुरणार नाही, ही कारणं काही काल्पनिक नव्हती. सयाजीरावांनी त्यावर व्याख्यान दिलं नाही. १८९३ साली त्यांनी एकट्या अमरेली भागात ती योजना सुरू केली. तेरा वर्षं तिचं काय होतं ते पाहिलं आणि १९०६ साली सगळ्या राज्याला लागू केली. थोडी रक्कम, एक कोपरा, लांब मुदत, आणि जमतंय असं दिसल्यावर रक्कम वाढवायची: कसलेला गुंतवणूकदार यापेक्षा वेगळं काय करतो? नामदार गोखल्यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा त्यांच्यापाशी दाखवायला बडोद्याचा वाटाणा होता. तरीही ते विधेयक फेटाळलं गेलं. पुरावा असूनही माणसं हलत नाहीत असंही होतं.

आणि याच शहराच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे जी मला या सगळ्या मांडणीची मर्यादा दाखवते. त्याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. राजाची पारख अचूक होती. १९१७ साली तो विद्वान माणूस नोकरीसाठी इथं आला, तेव्हा या शहरानं त्याला राहायला एक खोली दिली नाही आणि त्याला इथून जावं लागलं. शेअरच्या बाबतीत एकट्याचं बरोबर असणं पुरतं. बाजार आज ना उद्या भाव देतो आणि नफा आपला होतो. समाजात एकट्याचं बरोबर असणं पुरत नाही. राजाच्या मताला कचेरीतल्या कारकुनाचं आणि गल्लीतल्या घरमालकाचं मत व्हावं लागतं, आणि ते झालं नाही तर किंमत मोजतो तो भलताच माणूस. जाण्याआधी तो गाडीची वाट बघत काही तास कमाटीबागेत बसून होता; त्या बागेवरून जाताना दर वेळी हे मनात येतं आणि येत राहावं असं मला वाटतं.

म्हणून संस्थांनी काय करावं याबद्दल माझी मागणी लहान आणि अगदी ठोस आहे. आमच्या मराठी मंडळाचा वर्षाचा कार्यक्रम काय असतो ते वडोदऱ्यातल्या, इंदूरमधल्या, ग्वाल्हेरमधल्या कुठल्याही मराठी माणसाला न सांगता कळेल. मुंबई-पुण्याहून गाजलेली दोन नाटकं, दिवाळी पहाट, एक नावाजलेला वक्ता. हे बंद करा असं मी म्हणत नाही. सभासदांना ते हवं असतं आणि त्या हवं असण्याला कारण आहे: महाराष्ट्रापासून लांब राहणाऱ्याला तिथं जे चाललंय त्यात आपणही आहोत असं वाटावं लागतं. पण सगळाच पैसा त्यावर घालायचा म्हणजे मामांच्या शेजाऱ्यासारखं झालं, सगळे आणतायत म्हणून आपण आणायचं. दहावा हिस्सा बाजूला काढा, असं मी कार्यकारिणीपुढे मांडलं. तो अशा कामाला द्या जे आणखी कुणी करत नाही आणि जे इथल्याच माणसाला सुचू शकतं. मग ते नाटक असो, चित्रं असोत, की शाळेतल्या मुलानं केलेलं यंत्र. अर्जात दोनच प्रश्न विचारा, चोपडीतले. आधी असं काम कुठं यशस्वी झालंय, हा प्रश्न मात्र विचारू नका.

दोन वर्षं ते मान्य झालं नाही. “फसलं तर सभासदांना काय सांगायचं?” हा प्रश्न अध्यक्षांनी प्रत्येक वेळी कळकळीनंच विचारला. काही तरी फसणारच, तेही ताळेबंदात छापू, असं मी म्हणायचो. या वर्षी दहाव्याऐवजी विसावा हिस्सा मिळाला. मी तो आनंदानं घेतला. अमरेलीसुद्धा राज्याचा एक कोपराच होता.

अर्ज पाच आले. त्यातला एक आमच्याच गल्लीत वाढलेल्या एका मुलीचा आहे. तिला बडोदी मराठीत एकांकिका करायची आहे. ‘मी तिला फोन करीन पण ती उचलशे का?’ अशी, निम्मी गुजरातीत शिरलेली मराठी, जी आम्ही घरात बोलतो आणि पुण्याचा पाहुणा आला की लपवतो. आजवर आमच्या रंगमंचावर ती फक्त नोकराच्या किंवा बावळट माणसाच्या तोंडी आली आहे. ‘लोकांना हे का नकोय’ या प्रश्नापुढे तिनं लिहिलंय: ‘ही अशुद्ध भाषा आहे असं ज्यांनी ठरवलं त्यांच्या घरी असं कुणी बोलत नाही. आमच्या घरी आजी याच भाषेत रडते आणि देवाला नमस्कारही याच भाषेत करते.’ दुसऱ्या प्रश्नापुढे लिहिलंय: ‘पहिलं वाचन दांडिया बाजारातल्या दहा आज्यांपुढे करीन. त्यांना आपली थट्टा चाललीय असं वाटलं तर एकांकिका तिथंच थांबवीन आणि उरलेले पैसे परत करीन.’

वाचन येत्या रविवारी आहे. दहा आज्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलंय.